पंचनाम्यात न लिहिलेलं

एकतीस वर्षं बाटल्या मोजल्या मी
आरोंद्याच्या नाक्यावर, खाडीच्या अल्याड.
पल्याड गोवा. मधलं पाणी
कुणाकडेच परमिट मागत नव्हतं.

गणवेश खात्याचा होता, नाक आईकडचं.
तिला पेजेच्या वाफेवरून कळायचं
तांदूळ कुठल्या कुणग्यातला,
मला बूच न काढता कळायचं
ही काजूची, ही माडाची,
आणि ही कुणीतरी नवसागर टाकून घाईत काढलेली.
ती शेवटची मी स्वतःच्या हाताने ओतायचो,
शिपायावरही सोडायचो नाही.

आता निवृत्त आहे, सांगायला हरकत नाही.
बियर मला कधीच आवडली नाही.
साहेब फेसाला ओठ लावून डोळे मिटायचे,
मला ते तांदूळ धुतल्याचं दुसरं पाणी वाटायचं.
रमबद्दल आदर आहे, पण तिला थंडी लागते,
आमच्याकडे थंडी दोन रात्रींची पाहुणी,
तीसुद्धा पंखा लावून झोपते.
व्हिस्की पेन्शनरांच्या बैठकीत घेतो,
नाही म्हटलं तर
लोक प्रकृतीची चौकशी करतात.

पुतण्या मिथिल रेडीच्या हॉटेलात बारवर उभा असतो.
त्याने एकदा कौतुकाने पाजलं:
कोकम, ओवा, पेल्याच्या कडेला मीठ,
आत कागदाची छत्री. पाऊस नव्हता.
सातशे रुपये, म्हणाला, पण तुमच्याकडून नाही, काका.
चव वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोला.
फक्त त्या पेल्यात कुणी राहत नव्हतं.

माडी पहाटेची.
गुणाजी केरकर माडावरून खाली येईपर्यंत
मी बुंध्याशी उभा, हातात करवंटी,
मेलेली मधमाशी बोटाने बाजूला करायची आणि प्यायची.
दहा वाजले की ती भांडायला लागते,
दुपारी तिच्या वाटेला जाऊ नये.

पण हुर्राक.
मार्चात येते, मे सरता सरता जाते,
साठवून ठेवली तर रुसते.
बोंड आपणहून पडलेलं हवं, ओरबाडलेलं चालत नाही.
मिरची उभी चिरलेली, चिमूटभर मीठ, लिंबाचा सोडा,
बर्फ असला तर असला.
वास आधी येतो, नशा मागून,
कधी कधी येतच नाही, आणि काही बिघडत नाही.

हे मला शिकवलं आपोलिना फर्नांडिसने.
चौऱ्याण्णव साल, एप्रिल, भर दुपार.
पुलाआधीचे दिवस, होडीतून उतरली,
पोटाला सायकलची ट्यूब गुंडाळून
कमरेवर हात ठेवून चालत होती.
विचारलं, कितवा महिना?
‘सातवो,’ म्हणाली, ‘बारशाक येतलास?’

ट्यूबेतून चार लिटर निघालं.
मी लिहिलं: माल बेवारस मिळाला.
पंच दोघेही खाडीकडे बघत होते.
ओतण्याआधी करंगळी बुडवली,
आणि त्या दिवसापासून
सरकारी नोकरी थोडी जड गेली.

गेली नऊ वर्षं मार्च लागला की
तिच्या ओसरीवर जातो.
मुलगा कतारला, नातू भिंतीला चेंडू मारत असतो.
‘बेवारस इलो,’ ती आत ओरडते, ‘खुर्ची घाल रे.’
आता तिचा हात कापतो,
स्टीलच्या पेल्यात पडते त्याहून जास्त
टेबलाच्या प्लास्टिकवर सांडते.
मी बघितलं नाही असं करतो,
एवढं खात्याने शिकवलंय.

बाटली हलवून उजेडात धरतो. सवय.
मणी वर येतात, काचेला टेकतात,
यंदा जरा लवकर फुटतात.
तिला कळतं मला कळलंय.
‘काय लिवतलास?’ ती विचारते.

काही नाही, आपोलिनाबाय.
मिरची तिखट होती, एवढंच.